तोच पाऊस, वेगळं भय

‘तुंबाड’ हा भयपट ऑक्टोबर २०१८मध्ये आला तेव्हा अनेकांना रटाळ वाटला. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून एकदम ‘अभिजात’ ठरला. पहिल्यांदा पडदे कमी मिळाले, हे मान्य. पण तेव्हाच बघून जांभया देणाऱ्यांचं काय? ते आज सर्वांत मोठ्यानं वाहवा करतात. नजर जागेनुसारही बदलते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी चित्रीकरणात खऱ्या पावसासाठी कित्येक पावसाळे घालवले. त्या संततधारेत मुंबईकराला भय दिसतं. मराठवाड्यातल्या घनसावंगीत कपाशीच्या बियाण्याची पाकिटं उशाला ठेवून आभाळाकडं बघणाऱ्याला ती निव्वळ चैन वाटेल. आणि कणकेची बाहुली पुढं करून हस्तर या शापित देवाच्या लंगोटातून मोहरा लांबवणारा सिनेमातला विनायक? सावकाराचं व्याज भरलेल्याला तो किरकोळ भुरटा.