पोपड्यांचे बाजारमूल्य

घर विक्रीस काढण्यापूर्वी त्याच्या बाह्यांगास कोणता रंग द्यावा, या प्रश्नावर पाश्चात्त्य देशांतील जाणकार जे गंभीर चिंतन करतात, भिंत करडी असावी की दुधी, दार गडद निळे असावे की काळे, शेजाऱ्याच्या छपराशी त्यांचा मेळ बसेल की नाही, याचा ऊहापोह करून जे निर्णय देतात, ते वाचताना आम्हांस एकच आश्चर्य वाटत राहते, की या लोकांच्या घरांना बाहेरची बाजू असते! भांडुपच्या गृहस्थाचे घर म्हणजे दस्तऐवजात नमूद केलेले इतके चौरस फूट कार्पेट. त्याला चारही दिशांनी आतलीच बाजू असते. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनी ही वाटणी मोठ्या नेमकेपणाने करून ठेवली आहे. भिंतीच्या आतल्या अंगाचा धनी सभासद. त्याने तेथे जांभळा लावावा, गुलाबी लावावा, कोणाची हरकत नाही. परंतु त्याच भिंतीच्या नऊ इंच पलीकडे संस्थेचा अंमल सुरू होतो, आणि तेथे कुंचला फिरवावयाचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव, निरनिराळ्या ठेकेदारांची दरपत्रके, दुरुस्ती निधीतील शिल्लक आणि खजिनदारांची प्रसन्न मुद्रा ही सारी एका मुहूर्तावर जुळून यावी लागतात. दुरुस्ती निधी बांधकामखर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का या हिशेबाने गोळा होतो. इमारत 1984 सालची असल्यास खर्चही 1984 सालचाच धरला जातो, आणि मग जमलेल्या रकमेत जिन्याचा कठडा रंगतो, तोही दुसऱ्या मजल्यापर्यंत.

तरीही सभा भरते, आणि छटांचे पुस्तक हातोहात फिरू लागते. येथे रंग हा केवळ रंग राहत नाही. केशरी म्हटले की एक पक्ष संतोषतो आणि दुसरा विचारतो, की कोणत्या केशरी गटाचा. हिरव्याचे नाव निघताच सभागृहात शांतता पसरते. निळ्याला पाठिंबा देणारे आणि नाकारणारे दोघेही आपापली कारणे उघड बोलत नाहीत. लाल तर गिरण्यांबरोबरच गेला. वास्तुशास्त्राचे अभ्यासक चिटणीस आग्नेय कोपऱ्यासाठी वेगळी मागणी नोंदवतात. अशा रीतीने सर्वांच्या भावना वगळता वगळता शेवटी जी छटा उरते तिला बिस्किटी म्हणतात. लाल बहादूर शास्त्री मार्गाने मुलुंडपर्यंत जाताना दोन्ही बाजूंस जो बिस्किटी दिसतो, तो कोणाच्याही अभिरुचीचा पुरावा नसून पुष्कळ सभांचे इतिवृत्त आहे.

ही तारांबळ भांडुपात व्हावी, याला दिव्याखाली अंधार यापलीकडे शब्द नाही. 1942 साली मुंबईतल्या एका गॅरेजात जन्मलेल्या एशियन पेंट्सचा मोठा कारखाना याच मार्गावर होता. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली चितारलेला, कपाळावर केसांची बट आणि हाती रंगाची बादली घेतलेला गट्टू ज्या डब्यांवरून देशभर फिरला, त्यांतले असंख्य डबे भांडुपात भरले गेले. 2014 साली येथले रंगोत्पादन थांबले. भारतवर्षाच्या भिंती रंगवून झाल्या, आमची तेवढी राहिली.

परंतु राहिली हेच ठीक झाले असे आता जाणकार सांगतात, आणि या जाणकारांना आमच्याकडे एस्टेट एजंट म्हणतात. त्यांचे अर्थशास्त्र ऐकण्यासारखे आहे. भांडुपातले जुने घर घेणारा गुंतवणूकदार भिंत पाहतो खरी, पण रंगासाठी नव्हे; तो तडा शोधत असतो. सज्ज्याच्या तळाशी गंजलेली सळई उघडी पडलेली दिसली की त्याचे डोळे चमकतात. कारण इमारत तीस वर्षांची झाली की महापालिका अधिनियमाच्या कलम 353-ब खाली संरचनात्मक तपासणी, तपासणीनंतर विकासकांच्या निविदा, आणि विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7)(ब) खाली दर गाळ्यामागे किमान दहा चौरस मीटर वाढीव बांधकाम, ही सारी मालिका त्या एका गंजक्या सळईत त्याला मूर्तिमंत दिसते. अशा इमारतीस कोणी नवा रंग दिला, तर मोठ्या इस्टेटीच्या आजारी चुलत्याने अकस्मात व्यायामशाळेची वार्षिक वर्गणी भरावी आणि पुतण्यांची तोंडे उतरावीत, तसे होते. रंग दिला म्हणजे संस्थेला आणखी दहा वर्षे जगावयाचे आहे, पुनर्विकास लांबला, भाव पडला. एजंटाच्या जाहिरातीत म्हणूनच ‘नुकतीच रंगरंगोटी’ हे शब्द सहसा आढळत नाहीत.

बाहेरून पाहणाऱ्यासाठी रंग लावण्याचा प्रयोग आमच्या शेजारी घाटकोपरला झालाच होता. 2017 च्या अखेरीस ‘चल रंग दे’ या उपक्रमात असल्फ्याच्या टेकडीवरील घरांच्या भिंती पिवळ्या, निळ्या, गुलाबी झाल्या, आणि मेट्रोतून जाणारे प्रवासी खिडकीशी दाटी करू लागले. वृत्तपत्रांना इटलीचा समुद्रकिनारा आठवला. देखावा सुंदर होता, यात वाद नाही. मेट्रोच्या खिडकीतून नळाला पाणी किती वाजता येते ते दिसत नाही, एवढीच त्यात सोय. आमच्या खिंडीपाड्याच्या आणि हनुमान टेकडीच्या उतारांनी स्वयंसेवकांची वाट पाहिली नाही. ते दर ज्येष्ठात स्वखर्चाने निळे होतात. त्या निळ्याला ताडपत्री म्हणतात, आणि भांडुपचा खरा बाह्यरंग, विक्रीचा हेतू वगळता, तोच होय.

आता आमच्या परिचयातील एका संस्थेपुढे असा पेच आला, की दोन सभासदांनी एकाच महिन्यात घरे विकावयास काढली. पहिल्याचा ग्राहक बँकेचे कर्ज घेणार, आणि बँकेचा मूल्यमापक भेगा पाहून कर्ज नामंजूर करील या भयाने त्याला तत्काळ रंग हवा. दुसऱ्याचा ग्राहक गुंतवणूकदार, म्हणून खरेदीखत नोंदले जाईपर्यंत एक पोपडाही खरवडला जाऊ नये, अशी त्याची लेखी दरखास्त. दोघेही थकबाकीदार नसल्याने कोणाचाच अर्ज फेटाळता येईना. बोलावलेली सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, आणि उपविधींतील तरतुदीप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच गच्चीवर पुन्हा भरली. मूल्यमापक रस्त्याच्या बाजूने येतो आणि गुंतवणूकदाराला एजंट मागच्या गल्लीतून आणतो, ही महत्त्वाची माहिती पहारेकऱ्याने पुरवल्यावर, दर्शनी भिंत बिस्किटी करावी व मागील भिंत आहे त्या स्थितीत जतन करावी, असा ठराव सूचक, अनुमोदक आणि चहा आणणारा पोऱ्या यांच्या उपस्थितीत एकमताने संमत झाला.