बाळ झोपलंय, बेल वाजवाल तर खबरदार!

ऐकलंत का? आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भर दुपारी संचारबंदी लागलीये! दारावर चक्क पाटी: ‘बाळ झोपले आहे. बेल वाजवून उठवल्यास तुम्हालाच झोपवावे लागेल.’ कुरिअरवाला पोरगा ती वाचतो, पार्सल उंबऱ्यावर ठेवतो नि चोरपावलांनी सटकतो. कुकर तडीपार, वरणभात सकाळी सातलाच उरकतात. आणि हे सगळं कुणासाठी? साडेचार महिन्यांच्या महाराजांसाठी, जे मोजून चाळीस मिनिटांनी टक्क डोळे उघडून पंखा बघत पडतात!

परवा आत डोकवायचा योग आला. अहो, खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियम फॉइल! आपण डब्यातल्या पोळ्या गुंडाळतो ना, तीच. वर काळे पडदे. दिवसाढवळ्या चाचपडत गेले. कोपऱ्यात एक डबी अखंड ‘श्श्श्श’ करत होती; मला वाटलं, मोरीतला नळ राहिला चालू. सूनबाईंचे डोळे मोबाइलवर. बाळाने किती वेळ जागं राहायचं, त्याचं अ‍ॅप आहे म्हणे. या वयाला दीड-दोन तास. त्यापुढे पाच मिनिटं झाली की घरात धावपळ, जणू मुहूर्त टळतोय.

शिवाय स्लीप कन्सल्टंट! व्हिडिओ कॉलवर बाळ झोपवायला शिकवतात आणि पैसे घेतात. आमच्या वेळी हे खातं सासूबाईंकडे असायचं. फी नव्हती, टोमणे मात्र भरपूर.

हे खूळ मूळचं अमेरिकेचं. बोस्टनच्या डॉ. रिचर्ड फर्बर यांनी 1985 साली बाळांच्या झोपेवर पुस्तक लिहिलं. 2016 साली डॉ. हार्वी कार्प यांनी तर रडू ऐकून आपोआप हलणारा पाळणाच बाजारात आणला, किंमत हजार डॉलरच्या वर! आपल्याकडे पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून गवार निवडणाऱ्या बायका होत्याच की. पेटंट घ्यायचं तेवढं राहून गेलं.

पण त्या डबीला मी उगाच नावं ठेवत नाही हं. 1990 साली चाळीस नवजात बाळांवर प्रयोग झाला होता. तसला आवाज ऐकवलेल्या विसांपैकी सोळा जण पाच मिनिटांत झोपले. न ऐकवलेल्या विसांपैकी पाचच. फक्त डबी उशाशी ठेवून आवाज पूर्ण वाढवायचा नाही. 2014 साली अशी चौदा यंत्रं तपासली, तर एका फुटावर तीन यंत्रं 85 डेसिबलच्या पार! एवढ्या आवाजात कारखान्यातल्या माणसालाही आठ तासांच्या वर ठेवू नये म्हणतात.

आणि ते चाळीस मिनिटांचं गूढ? काही गूढबिढ नाही हो. तान्ह्या बाळाच्या झोपेचं एक आवर्तनच मुळी चाळीस-पन्नास मिनिटांचं. ते संपलं की झोप हलकी होते, आणि पाच-सहा महिन्यांपर्यंत बऱ्याच बाळांना तिथून पुढे सरकता येत नाही. चुळबुळ दिसली की झडप घालून उचलू नये, दोन मिनिटं थोपटून बघावं. नाहीच झोपलं तर नाही झोपलं! फॉइलचं आणखी एक बंडल आणून महाराजांचं वय वाढत नाही.

आजीबाईही काही कमी नाहीत. डोकं गोल व्हावं म्हणून हौसेने मोहरीची उशी शिवून आणली होती. बालरोगतज्ज्ञांनी ती पहिल्याच भेटीत हद्दपार केली. बरोबरच केलं. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नकोच. सपाट, घट्ट गादीवर उताणं निजवायचं. आजी मग दोन दिवस फुरंगटून बसल्या.

खरा कहर मात्र मंगळवारी झाला. महाराज चक्क दीड तास झोपले! आता घरात पेढे वाटायचे की नाही? छे! पंचावन्नाव्या मिनिटालाच सूनबाईंना घाम फुटला. एवढा कसा झोपला? श्वास चालतोय ना? म्हणून तासाला एकदा, सव्वा तासाला एकदा आणि शेवटी दीड तासाला नाकाशी बोट नेलं. बोट होतं गार. महाराजांनी असा काही सूर लावला की दुसऱ्या मजल्यावरचंही बाळ उठलं.

हे मला आजींनीच सांगितलं. तुम्ही कुठे बोलू नका.