धूरपारखी

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराबाहेर जुन्या पिकअपचं बॉनेट उघडा आणि गप्प उभे राहा. मेकॅनिकच्या आधी धूरपारखी हजर होतो. गालात तंबाखू, खांद्यावर टॉवेल आणि स्वतःच्या नावावर फार तर एक लूना, तीही बंद.

"रेस दे रं जरा."

ड्रायव्हर निमूट रेस देतो. पारखी सायलेन्सरपाशी उकिडवा बसतो, धुरात पंजा धरतो, बोटं चोळतो, हुंगतो. इतक्या आस्थेनं त्यानं स्वतःचा बीपी कधी तपासला नसेल.

त्याचं ज्ञान खोटं नसतं, हीच पंचाईत. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, पांढरा हटतच नसेल तर सिलिंडरात पाणी उतरत असावं, सगळं तोंडपाठ. पण "एअर फिल्टर साफ कर" असं सांगण्यात कसली आलीय शान? किरकोळ दुखणं त्याच्या जिभेवर येतच नाही. "रिंगा गेल्या, इंजिन काम निघालं!" म्हटलं की कशी टपरीवरची सगळी मान वळवून बघतात.

डिसेंबरातल्या पहाटे तर त्याची चंगळच. गार इंजिनातून थोडा वेळ पांढरी वाफ येणारच, गाडी तापली की जाते. पण तोवर यानं हेड उतरवून, गॅस्केट बदलून, "फेसिंग पण मारून घे" इथवर काम नेलेलं असतं. ड्रायव्हरला समोर गाडीचा हप्ता दिसू लागतो. त्यात दुसरा पारखी आला तर बघायलाच नको. तो डिझेल पंपाच्या बाजूचा, हा टर्बोच्या.

अखेर मेकॅनिक येतो. डिपस्टिक ओढतो, कॉटन वेस्टनं पुसतो, पुन्हा घालून बघतो. मग हवेच्या पाइपाची सैल क्लिप आवळतो आणि फिल्टर काढून टायरवर आपटतो. अर्धं शिवार खाली पडतं. काळा धूर विरतो. पारखी मात्र तसूभर खचत नाही: "तात्पुरतं आहे हे. शिमग्याला माझी आठवण काढशील."

तेव्हा गाडी धूर ओकू लागली, तर इंजिन गार असताना रेडिएटरचं पाणी बघा, ऑइल दुधाळ झालंय का बघा, फिल्टर उघडा. पाणी रोज घटत असेल तर सरळ गॅरेज गाठा. आणि बॉनेट उघडायचंच झालं, तर टपरीपासून लांब उघडा.