नारिंगी दोरी

मैंदर्गीत बंदुकीचा विषय निघाला की लोक अक्कलकोटच्या राजवाड्यातल्या शस्त्रागाराच्या गोष्टी सांगतात. मी माझ्या सांगतो. जत्रेत फुगे फोडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एअरगनची नळी किती वाकडी आहे ते ओळखायचं आणि तेवढं बाजूला धरायचं. त्यामुळे 1 ऑगस्ट 2024 ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं, तेव्हा "आपल्यालाही जमलं असतं, संधी नाही मिळाली," असं मी पारावर जाहीर करून टाकलं. पुण्यात 10 मीटर एअर रायफल शिकणाऱ्या भाचीच्या कानावर ते गेलं. "मामा, याच एकदा," म्हणाली.

गेलो. आधी कुणाचं तरी जॅकेट अंगावर चढवलं. कॅनव्हासचं ते प्रकरण इतकं ताठ, की बटणं लावल्यावर खाली पडलेला चष्मा दिसत होता, पण उचलता येईना. या कापडाची जाडी अडीच मिलिमीटरच्या वर चालत नाही म्हणे, स्पर्धेत मोजतात. पोटाची मोजत नाहीत, हे उपकारच.

रायफल टेबलावर होती. नळीच्या तोंडातून नारिंगी दोरी लोंबत होती. पॅकिंगचं काहीतरी राहिलं असेल, म्हणून मदतीच्या भावनेनं मी ती ओढून काढली, शेजारी पडलेला पट्टा रायफलला अडकवला आणि सिनेमातल्या फौजीसारखी ती खांद्याला लावून ऐटीत भाचीकडे वळलो. माझ्याबरोबर नळीही वळली. लेनवरची पोरं पटापट खाली बसली.

"काका, हलू नका!"

कोच बाईंनी रायफल हातातून काढून घेतली, तोंड टार्गेटकडे केलं, मागचा खटका उघडून आत पाहिलं आणि दोरी पुन्हा मागून घालून नळीतून पुढं काढली. "ही दिसतेय म्हणजे आत छर्रा नाही, हे लांबूनही कळतं. याला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. मी सांगेपर्यंत काढायचा नाही. आणि तो पट्टा झोपून किंवा गुडघ्यावर बसून मारताना दंडाला बांधतात. एअर रायफल उभ्यानं मारायची, तिला पट्टा चालतच नाही."

"मामा, तुम्ही आता कशालाच हात लावू नका की," भाची कुजबुजली.

नळीखालच्या सिलिंडरवर तारीख होती. आत 200 बार दाबाची हवा असते आणि दहा वर्षांनंतर तो वापरायचा नाही, हे ऐकल्यावर टेबलावर टेकलेली कोपरं मी हळूच काढून घेतली. डावा डोळा मिटायची माझी सवय पाहून बाईंनी एक पांढरी पट्टी दिली. डोळा मिटला की चेहरा आखडतो, म्हणून पट्टीआड तो उघडाच ठेवायचा. मी ती लावली उजव्यावर. नेम धरायचा होता उजव्यानंच.

शेवटी "लोड" झालं, "स्टार्ट" झालं. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तो शोधत होतो, तेवढ्यात बोट घोड्याला नुसतं लागलं आणि काम झालं. छर्रा शेजारच्या मुलीच्या टार्गेटवर, अगदी मधोमध. मी कॉलर ताठ केली.

नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलेला छर्रा शून्य धरतात, तो कितीही मधोमध बसला तरी.