विशेषवाले सर

माणूस भेटला की लोक 'कसं काय' म्हणतात. आमचे सर विचारतात, "घरी कोणती भाषा बोलता जी?" समोर परतवाड्याचा मारवाडी दुकानदार असो की लग्नात नवरीकडून आलेला कोणी मामा, प्रश्न तोच. नात्याने ते माझे साडू, पण घरात आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. मेळघाटातल्या शाळांत तर नावही कुणाला ठाऊक नसावं. "विशेषवाले सर आले" एवढ्यावर काम भागतं.

हुद्दा विशेष शिक्षक. नोकरी वर्षानुवर्षं कंत्राटी. बसायला गटसाधन केंद्रात एक खुर्ची आहे, तिच्यावर बहुधा दुसऱ्याच कुणाच्या फायली बसलेल्या असतात, कारण सर मोटरसायकलवर. मागे कापडी पिशवी. तिच्यात बाटल्यांची झाकणं, सीताफळाच्या बिया, जुनी बक्कलं, एक खुळखुळा आणि चित्रांची कार्डं. घरी याच मालाची दोन पोती आहेत. मेहुणीने त्यातलं एक भंगारवाल्याला दिलं, तेव्हा सर भंगारवाल्याच्या घरी जाऊन ते परत घेऊन आले. येताना त्याच्या नातवाचा कानही तपासून आले.

कुणी गुरुजी म्हणाले, "लेकरू बोलत नाही," की सरांचं ठरलेलं उत्तर : "कुठं बोलत नाई? शाळेत का घरी?" या एका प्रश्नावर त्यांची निम्मी नोकरी चालते. घरी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा चार भाषांत पोर गप्प बसलं तर नवल काय, असं ते म्हणतात. मग बुद्धी मोजायच्या बिने-कामत चाचणीवर घसरतात. कामतांनी ती मराठीत आणली, कन्नडमध्ये आणली, "आता कोरकूत कोन आनन, सांगा!" हे मला विचारतात. मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस.

एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो. दुसरीतला एक मुलगा. नावापुढे कुणीतरी पेन्सिलीने 'मतिमंद' लिहून प्रश्नचिन्ह टाकलेलं. कार्डावर सोफा, टेलिफोन, फ्रीज. पोर जमिनीकडे बघत बसलं. सरांनी कार्डं पालथी घातली, खिशातून वाळलेली मोहाची फुलं काढली आणि मोडक्यातोडक्या कोरकूत सांगितलं, घरात जितकी माणसं तितके वाटे घाल. पोर खुदकन हसलं. आधी त्याने सरांचा उच्चार दुरुस्त केला. मग सगळे वाटे घातले, एक मुद्दाम लहान ठेवला, कारण बहीण तान्ही. सरांनी वहीत लिहिलं, 'दुसऱ्याची चूक स्वतःहून दुरुस्त करतो.' ते वाक्य मला दिवसभर पाच वेळा वाचून दाखवलं.

याची उलटी बाजूही असते, आणि तिथे सरांचा चेहरा उतरतो. एका मुलीबद्दल सगळ्यांचं मत, कोरकू आहे, मराठी कळत नाही, शिकेल हळूहळू. सरांनी तिच्या आईला मागून हाक मारायला लावली. आईने तिच्याच भाषेत मारली. मुलीने वळून पाहिलं नाही. कान कधीपासून फुटत होते. शाळेतली दोन वर्षं भाषेच्या नावावर गेली. पुढे अमरावतीला तपासणी, प्रमाणपत्र, यंत्र, आणि प्रत्येक खेपेला आईचा बुडालेला रोज.

२०१६ च्या कायद्यातले अपंगत्वाचे २१ प्रकार सरांना पाठ आहेत. ते पंगतीत म्हणून दाखवतात. थॅलेसेमियापर्यंत येईतो आपली जिलेबी संपते. प्राथमिकला अशा १० मुलांमागे १ विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. हेही सर सांगतात, आपल्या वाट्याची गावं बोटांवर मोजू लागतात आणि बोटं संपली की हसतात.

दिवाळीनंतर त्यांच्या यादीतली कितीतरी मुलं आईबापांबरोबर कामाला बाहेर पडतात. होळीला परततात. होळीत कोरकू मंडळी रस्त्यावर गाड्या अडवून फगवा मागतात. बाकीचे लोक पाच-दहा रुपये काढून पुढे सटकतात. सर गाडी स्टँडला लावतात, वही काढतात आणि भर रस्त्यात हजेरी घेतात. नाचणारी पोरं "हाजिर" म्हणून पुन्हा नाचायला पळतात. मागे आमच्यासारख्यांच्या गाड्या खोळंबतात. हॉर्न वाजवून उपयोग नाही. कोणता आवाज कोणाला ऐकू येतो, हे ते त्याच वेळी बघत असतात.

तेव्हा मंडळी, रिकाम्या बाटल्यांची झाकणं फेकू नका, आमच्याकडे पाठवा. लाल आणि निळी भरपूर झाली आहेत, पिवळी कमी पडतात.