ती बाई शिकागोतच राहते हो!

"अगं, त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगू नकोस हं! ऐन रंगात आलं होतं, तर जावयांनी टीव्ही बंद केला. म्हणे उद्या ऑफिस आहे."

काकू मिरजेच्या, एलआयसीतून निवृत्त झालेल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आल्यात. आमच्या दोन घरांमधल्या लाकडी कुंपणाची एक फळी निखळली आहे, तिथे आमची बैठक भरते. इथे दोरीवर कपडे वाळत घालायला सोसायटीची बंदी, त्यामुळे बायकांना परसात यायला निमित्तच उरलेलं नाही. आम्ही दुधीच्या वेलावर भागवतो.

'गॉन गर्ल' हा सिनेमा त्यांना बघायला मीच सांगितलं होतं. बायको गायब होते, पोलीस नवऱ्याकडे बोट दाखवतात, इथवर गाडी आली होती.

"शेवट नाही सांगत. लिहिणारीचं सांगते. गिलियन फ्लिन. शिकागोतच राहते हो ती."

"हो? मग पटेल ब्रदर्समध्ये वगैरे दिसते का कधी?"

"ती कशाला येईल तिथे मेथी निवडायला! मूळची ती मिझुरीची, कॅन्सस सिटीत वाढलेली. जन्म 1971 चा. वडील कॉलेजात सिनेमा शिकवायचे आणि आई वाचन शिकवायची."

"म्हणजे मास्तरांचं घर. आणि डोकं असं?"

"डोकं लहानपणापासूनच तसं. तिनेच लिहून ठेवलंय की. मुंग्यांना बधिर करायची आणि कोळ्याला खाऊ घालायची. चुलत-मावस भावंडं जमली की खेळ ठरलेला: दुष्ट रोझीमावशी. ही व्हायची रोझीमावशी आणि बाकीच्यांनी तिच्या तावडीतून निसटायचं."

काकू खुदकन हसल्या. "आमच्यात एक होती तशी. पुढे हेडमिस्ट्रेस झाली."

मी दुधी फळीवरून पलीकडे दिला आणि गाडी पुढे काढली. बाईला व्हायचं होतं गुन्हेवार्ताहर. त्यासाठी इथे एव्हन्स्टनला, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पत्रकारितेचं शिक्षण घेतलं. पण कुणाच्या घरी आभाळ कोसळलेलं असताना दार वाजवून प्रश्न विचारायचे, हे काही तिला जमेना. मग 'एंटरटेनमेंट वीकली' नावाच्या साप्ताहिकात लागली. सिनेमावर लिहिलं, पुढे टीव्हीची समीक्षक झाली. म्हणजे बसून मालिका बघायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा.

"हे काम मला चाललं असतं," काकू म्हणाल्या.

पहिली दोन पुस्तकं ही नोकरी सांभाळून झाली. 'शार्प ऑब्जेक्ट्स' 2006 मध्ये आलं. त्यातली नायिका वार्ताहर, खुनाची बातमी करायला आपल्या जुन्या गावी जाते. तिच्या अंगभर शब्द कोरलेले आहेत, तिने स्वतःच, पात्याने. आणि घरी आई अशी की खाष्ट सासू परवडली. ब्रिटनच्या गुन्हेकथा-लेखक संघटनेने 2007 मध्ये या एकाच पुस्तकाला दोन-दोन पारितोषिकं दिली. दुसरं 'डार्क प्लेसेस' 2009 चं. पण त्याच्या आधीच, 2008 च्या डिसेंबरात, मंदीच्या तडाख्यात हिची नोकरी गेली होती.

"अगं बाई! मग?"

"मग काय, घरी बसली आणि 'गॉन गर्ल' लिहिलं. काकू, त्यातला नवरा आठवतो ना? न्यूयॉर्कला मासिकात लिहायचा, नोकरी गेली म्हणून बायकोला घेऊन मिझुरीत परत आला. ते दुखणं कुठून आलं, कळलं ना आता?"

काकूंनी मान डोलावली. एलआयसीत त्यांची आयुष्यभराची पक्की नोकरी. पण मिरजेत गिरण्या-कारखान्यातून घरी बसलेली माणसं त्यांनी पाहिली आहेत. "पुरुष घरी बसला की घराची हवा बदलते," एवढंच म्हणाल्या.

पुस्तक 2012 च्या जूनमध्ये आलं आणि वर्षाअखेर वीस लाखांवर प्रती खपल्या. हॉलिवूड दारात हजर. आता रिवाज असा की लेखकाला कथेचे पैसे मोजायचे आणि पटकथेच्या खोलीबाहेर बसवायचं. या बाईने पटकथा स्वतः लिहिली. पहिलीच. आणि दिग्दर्शक कोण, तर डेव्हिड फिंचर, जो एकेक दृश्य पन्नास-पन्नास वेळा घेतो असा ज्याचा लौकिक.

"चारशे पानांचं पुस्तक अडीच तासांत बसवायचं म्हणजे कापाकापी आलीच. स्वतःच्या लेकराचं जावळ काढताना आईचाच हात थरथरतो," काकू म्हणाल्या. आतून बाळाचा आवाज आला तशा कान देऊन थांबल्या. लेकीने घेतलंय म्हटल्यावर परत फळीशी.

हात थरथरला असेलही, पण कात्री बरोबर चालली. पुस्तकात एक प्रकरण नवऱ्याचं, एक बायकोच्या डायरीचं, असं आलटून पालटून चालतं. दोघंही वाचकाशी तासन्तास बोलतात. पडद्यावर कोण ऐकून घेणार? पण सुरुवात बघा. बायकोचं डोकं, केसांतून फिरणारा हात आणि या डोक्यात काय चाललंय म्हणून विचारणारा नवऱ्याचा आवाज. मग ती वळून बघते. पुस्तकही डोक्यापासूनच सुरू होतं. पानंच्या पानं उडवली, पण ते डोकं जागेवर ठेवलं. बायकोच्या मनातलं एक लांबलचक भाषण मोटारीत बसवलंय, ते काकूंच्या वाट्याला अजून यायचं होतं, म्हणून मी जीभ चावली.

"आणि अफवा ऐका. सिनेमा येण्याआधी, 2014 च्या जानेवारीत, बोंब उठली की शेवट पार बदलला, तिसरा अंक सगळा नवा लिहिला. छापून कुठे आलं असेल? 'एंटरटेनमेंट वीकली'त! जिथली नोकरी गेली तिथेच. हिरो बेन अ‍ॅफ्लेकच तसं म्हणाला, असं त्यात छापलं होतं. पुढे हिला खुलासा करावा लागला की एवढं काही झालेलं नाही."

"झालं नव्हतंच?"

"शेवट सांगू नको म्हणालात ना?"

काकूंनी मला दुधीचं देठ फेकून मारलं.

सिनेमाने जगभर साडेतीनशे मिलियन डॉलरच्या वर गल्ला केला. ऑस्करचं नामांकन मात्र एकच, नायिका रोझमंड पाइकला. पटकथेला साधं नामांकनही नाही, आणि याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. 'डार्क प्लेसेस'ची पटकथा दिग्दर्शकाने स्वतः लिहिली, चार्लीझ थेरॉनसारखी नटी होती, तरी 2015 मध्ये तो कधी आला नि कधी गेला कळलंही नाही. काय ते समजा.

"पण मला एक सांग," काकू फळीवर कोपर टेकून म्हणाल्या, "बाईच बाईला इतकी काळी का रंगवते? आधीच काय कमी बोलतात का लोक?"

हा आरोप तिकडेही झाला. फ्लिनचं म्हणणं असं की पुरुष खलनायक शेकड्याने आहेत, त्यांच्यावरून कुणी सगळ्या पुरुषजातीचा निवाडा करत नाही. बायकांनाही मनापासून वाईट असायची मुभा हवी. मला हे पटतं. सोशिक नायिकांचा मला कंटाळा आलाय.

काकूंना पटलं नाही. "वाईट दाखव, पण तिला कुणीतरी ओरडायला हवं," म्हणाल्या.

2018 साली दोन गोष्टी झाल्या. 'शार्प ऑब्जेक्ट्स'ची एचबीओवर आठ भागांची मालिका आली, आणि 'विडोज' हा सिनेमा आला. मूळ ब्रिटिश मालिका 1983 ची, लंडनमधली. हिने आणि दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीनने ती उचलून शिकागोत आणली. त्यात एक पुढारी गरीब वस्तीत भाषण ठोकून मोटारीत बसतो. कॅमेरा बाहेर, बॉनेटवर. आतले लोक दिसत नाहीत, नुसते बोलताना ऐकू येतात, आणि मागे ओसाड प्लॉट सरत सरत मोठमोठी झाडं नि बंगले येतात. दोन-तीन मिनिटांत घर आलं! शिकागो ज्याने पाहिलंय त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

'युटोपिया' या मालिकेचं मात्र नशीबच खोटं. आधी फिंचर करणार होता, 2015 मध्ये पैशांवरून फिसकटलं. मग हिने अ‍ॅमेझॉनसाठी केली. महासाथ, लस आणि त्यामागचं कारस्थान अशी गोष्ट, आणि आली कधी? 2020 च्या सप्टेंबरात! खऱ्या साथीने बेजार झालेले लोक कशाला बघतील? दोन महिन्यांत मालिकेचा गाशा गुंडाळला.

"हे सगळं सिनेमाचं झालं. नवं पुस्तक?"

इथे माझं दुखणं. सहा वर्षांत तीन कादंबऱ्या लिहिणारी बाई, आणि तिसरीनंतर दहा वर्षं उलटून गेली तरी चौथीचा पत्ता नव्हता. मधे एक भुताटकीची दीर्घकथा, तिला एडगर पुरस्कार मिळाला, पण तेवढ्याने भूक भागते का? पडद्याने आमची कादंबरीकार पळवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

"पळवली कसली! स्वतःहून गेली असेल. आणि वीस लाख प्रती खपल्यावर पुढचं लिहायची भीती नाही वाटणार?"

"मधल्या काळात दुसऱ्यांची पुस्तकं काढायला लागली. 2021 मध्ये झँडो प्रकाशनाने तिच्या नावाची वेगळी शाखा काढली. पुस्तकं ती निवडते. पहिलं आलं 2023 मध्ये, मार्गो डुएही या लेखिकेचं. त्यात गुन्हे शोधणारी कोण आहे माहितीय? न्यू ऑर्लिन्सची एक नन. अंगभर टॅटू आणि सारखी सिगारेट."

"नन?"

"नन."

"सिगारेट ओढते?"

"एकावर एक."

काकूंनी आत एकदा वळून बघितलं. जावयांची मोटार अजून लागलेली नव्हती.

"तुझं ते लायब्ररीचं कार्ड आहे ना," त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "आधी ते ननचं आण."