डब्लिनहून गृहभेट

आमच्या डब्लिनला बार्ट रेल्वेची एक लाइन येऊन संपते. त्यापुढे कॅलिफोर्नियातल्या मराठी माणसाला समाजसेवेशिवाय गत्यंतर नसतं. गडचिरोलीतल्या एका संस्थेच्या कार्यकर्त्यांना ऑनलाइन समाजकार्य शिकवायचं मी याच अवस्थेत कबूल केलं. भामरागडकडच्या माडिया आदिवासींच्या गावांतून फिरणाऱ्या ताया. पहिला विषय, गृहभेट.

मी शेजाऱ्याकडे जायचं तरी आधी मेसेज टाकून वेळ ठरवतो. तरीही स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहिलं: 'दार हळूच वाजवा.'

"दार तं उघडंच राहते सर. बंद असलं तं घरचे वावरात."

रेंज टेकाडावरच मिळायची, म्हणून फोन मोहाच्या फांदीला टांगलेला आणि खाली ताया बसलेल्या. मी 'ऐकून घेण्याचं कौशल्य' शिकवत होतो. बऱ्याच वेळाने आवाज आला, "सर, तुमचं तोंड उघडं आहे, पण आवाज नाही ये." चित्र गोठलं होतं. ऐकून घ्यायला इतका अनुकूल वक्ता त्यांना पुन्हा मिळणार नाही.

नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं तासभर मागे गेली, भारताची जागच्या जागी राहिली. साडेबारा तासांचं अंतर साडेतेरा झालं. मी इस्त्रीचा शर्ट घालून रात्री आठला हजर, तर तिकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले. वर्ग तासभर वाट पाहून धान कापायला गेलेला.

मग प्रेरणा देऊ म्हटलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून गडचिरोलीतल्याच ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाचं वजन, ऊब, अगदी इंजेक्शनसुद्धा. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं, आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. हे सगळं गावात बसून, स्लाइडशिवाय.

"ठाऊक आहे सर," ताई म्हणाली. आता गडचिरोलीची गोष्ट कॅलिफोर्नियाहून ऐकवल्यावर दुसरं काय म्हणणार?

वर्गाची सध्याची व्यवस्था तायांनीच लावली आहे. एक ताई गावातला अनुभव माडिया भाषेत दहा मिनिटं बोलून ठेवते. बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये आल्या की बाकीच्या फोनवर उतरवून घेतात आणि रेंज नसलेल्या गावात ऐकतात. ऐकून झालं की वाद घालतात. माझ्याकडे फायलींना नावं देण्याचं खातं आहे.

तेव्हा बे एरियातल्या बंधुभगिनींनो, शिकवायची उबळ आली तर आधी तिकडचं एक रेकॉर्डिंग मागवून ऐका. आणि वर्गाची वेळ भारताच्या घड्याळानेच लिहा.